जोखीम कोणाची?

पौष लागला की आपल्या ग्वाल्हेरच्या हवेला भाजलेल्या तिळांचा वास येऊ लागतो. फूलबागेवरून लष्करात जाताना ठिकठिकाणी गजकेच्या दुकानांपुढे गर्दी दिसते. पाकाचा गोळा खुंटीवर टांगून ओढायचा, ओढून ओढून तो पांढुरका आणि हलका झाला की त्यात तीळ मिसळायचे आणि लाकडी मोगऱ्यांनी कुटून त्याचे पदर पाडायचे, अशी ही गजक. येथून सुमारे ४० किलोमीटरवरच्या मुरैन्याच्या गजकेला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. संक्रांतीला महाराष्ट्रातील आप्तांना तिळगुळाऐवजी गजक पाठवण्याची रीत आपल्या कित्येक घरांत आहे. ती पोचली की तिकडून निरोप येतो, 'छान होती. मात्र सगळा भुगा झाला होता.' आप्तांच्या बाबतीत हा निरोप आपण हसून सोडून देतो. परंतु ज्याच्या घरची चूल त्या गजकेवर पेटते, त्याला तसे हसता येत नाही. या महिन्याच्या सदराचा विषय तोच आहे.

फूलबागेलगतच्या आमच्या वस्तीत एक काकू राहतात. यजमान गेल्यानंतर त्यांनी कोणापुढे हात न पसरता एक लहानसा उद्योग आरंभिला. विश्वासातल्या कारागिराकडून गजक करवून घ्यायची, घरी अर्ध्या अर्ध्या किलोचे पुडे बांधायचे आणि पुण्यातील एका ओळखीच्या दुकानदारास ते मालमोटारीने पाठवायचे. पहिल्या वर्षी थोडा माल गेला आणि तो सुखरूप पोचला. दुसऱ्या वर्षी धीर करून त्यांनी २४० पुडे पाठवले. दहा खोकी, प्रत्येकात चोवीस पुडे. संक्रांतीच्या चार दिवस आधी दूरध्वनी आला की ४८ पुडे मोडके निघाले असून ते परत पाठवत आहोत. वाहतूकदाराने हात वर केले. बिल्टीवर 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का होताच.

काकूंची हिशेबाची वही मी पाहिली आहे. गजक, पुडा, खोके आणि पुण्यापर्यंतचे भाडे धरून एका पुड्यास १५० रुपये पडले होते. दुकानदार देणार होता १७५. म्हणजे पुड्यामागे २५ रुपये सुटायचे. आता गणित पाहा. शाबूत पोचलेल्या १९२ पुड्यांचा नफा ४,८०० रुपये. मोडलेल्या ४८ पुड्यांचे बुडाले ७,२०० रुपये, आणि ते परत आणण्याचे भाडे ६०० रुपये वेगळेच. दोन महिन्यांच्या कष्टांनंतर पदरचे ३,००० रुपये गेले. वरून परत आलेला भुगा संक्रांत उलटल्यावर दारात येऊन पडला, तेव्हा त्याला गिऱ्हाईकही उरले नव्हते.

या हिशेबातील मर्म असे, की एक पुडा मोडला म्हणजे सहा पुड्यांचा नफा जातो. सातांत एक मोडला की नफा शून्यावर येतो आणि पाचांत एक मोडला की भांडवलाला हात लागतो. व्यापारात 'थोडीफार तूट चालायचीच' असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु जेथे नफा बारीक, तेथे थोडी तूटही थोडी नसते. मोठ्या पेढीला ती एका आकड्यात लपवता येते. लहान उद्योगात मात्र ती थेट घरच्या किराण्यातून वजा होते.

काकू खचल्या नाहीत. परत आलेली खोकी त्यांनी फेकली नाहीत आणि मला हाक मारली. माझा जन्म हिशेबनिसाच्या खुर्चीत गेला; मालाच्या बांधणीतले मला फारसे कळत नव्हते. परंतु आम्ही दोघांनी एकेक खोके उघडून कोणता पुडा कोठे मोडला याची नोंद केली आणि मग जाणत्यांना विचारीत गेलो. त्यातून जे हाती आले ते वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते. आपल्यापैकी कोणी पापड पाठवत असेल, कोणी लोणच्याच्या बरण्या, कोणी बदली झाली म्हणून सारा संसारच.

पहिला धडा हा, की मोडतोड मुकी नसते. माल कोठे मोडला यावरून तो कशाने मोडला हे पुष्कळदा कळते. खोक्याच्या तळचे पुडे चिरडले असतील तर वरच्या ओझ्याचा दाब भोवला असे समजावे. अगदी वरच्या थरातले मोडले असतील तर वाटेतला कंप कारण असतो. एकच कोपरा चेपला असेल तर खोके कोणीतरी टाकले किंवा ते हातातून निसटले. पुडा शाबूत, पण आतला माल नरम पडला असेल तर ओल लागली. काकूंच्या दहा खोक्यांत चारही दोष सापडले. मात्र सर्वांत मोठा वाटा दाबाचा होता आणि त्याखालोखाल कंपाचा.

दाबाची गोष्ट अशी. आज लाकडी खोकी जाऊन नालीदार पुठ्ठ्याची खोकी आली आहेत. पुठ्ठ्याच्या खोक्याचे बळ प्रामुख्याने त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असते. मधल्या भिंती फारसा भार पेलत नाहीत. म्हणून खोक्यावर खोके ठेवताना कोपऱ्यावर कोपरा नेमका आला पाहिजे. विटांच्या भिंतीसारखी सांधेमोड करून रचलेली थप्पी दिसायला पक्की दिसते, परंतु त्यात वरच्याचा कोपरा खालच्याच्या मऊ पोटावर येतो आणि त्याचे बळ निम्म्याच्या आसपास उतरते. दमट हवेत पुठ्ठा आणखी दुबळा होतो. खोके काठोकाठ भरलेले नसेल तर वरचा भार आतल्या मालाला न मिळता सगळा पुठ्ठ्यावर पडतो आणि तो खचला की मालाचीच पाळी येते. आमच्या काकूंनी पुडे सुटसुटीत राहावेत म्हणून वर दोन बोटे जागा मोकळी ठेवली होती. ती दोन बोटे त्यांना महाग पडली.

कंपाची गोष्ट गृहिणींना समजावून सांगण्याची गरजच नाही. सुपात धान्य पाखडताना दाणे कसे उसळतात हे त्यांनी जन्मभर पाहिले आहे. कमानपाट्यांवर चालणारी मालमोटार सेकंदाला साधारण तीन-चार वेळा खालीवर होते. चोवीस तास चाके फिरली तर सेकंदाला तीन या हिशेबाने अडीच लाखांहून अधिक हिसके झाले! खालच्या थराला वरच्याचे वजन दाबून धरते. सर्वांत वरच्या थराला धरणारे कोणी नसते, म्हणून तो सुपातल्या दाण्यासारखा उसळत राहतो. कोकणातून येणाऱ्या हापुसाच्या पेटीत वरचे आंबे डागाळलेले निघाले की आपण बागाईतदाराला बोल लावतो, पण पुष्कळदा अपराध या उसळीचा असतो. शिवाय गाडीच्या मागच्या चाकांपलीकडे बाहेर आलेल्या भागात हिसके सर्वांत जास्त बसतात. आणि अर्धी रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा अधिक आदळते, कारण तिचे पाटे पूर्ण ओझ्याच्या बेताने केलेले असतात. नाजूक माल दोन्ही आसांच्या दरम्यान, पुढच्या बाजूस ठेवावा, हा जुन्या चालकांचा सल्ला शास्त्राला धरून आहे.

मग उपाय काय? आपला कासार हे फार पूर्वीपासून जाणतो. बांगडीइतकी नाजूक वस्तू दुसरी कोणती? परंतु फिरोजाबादच्या बांगड्या गावोगाव पोचतात, कारण त्या दोऱ्याने करकचून एकत्र बांधलेल्या असतात. एक बांगडी दुसरीवर आपटायला मोकळीच नसते. साऱ्या मिळून एकच वस्तू होते. बांधणीचे पहिले सूत्र हेच होय. खोक्यात काहीही हलता कामा नये. खोके कानाशी धरून हलवावे. आवाज आला तर ते उघडून मोकळी जागा भरावी. ती भरायला महागडे साहित्य लागते असे नाही. चुरगाळलेले वर्तमानपत्र, पुठ्ठ्याच्या पट्ट्या, कोरडा पेंढा यांनीही ते काम होते. खाण्याच्या वस्तूंसाठी मात्र आतला पुडा पक्का बंद असावा, म्हणजे भरणाचा स्पर्श आतल्या पदार्थास होत नाही.

फूलबागेविषयी लिहिताना पलीकडच्या जयविलास राजवाड्याची आठवण होणे साहजिकच आहे. १८७४ साली महाराज जयाजीराव शिंदे यांच्यासाठी सर मायकेल फिलोझ यांनी तो बांधला. त्याच्या दरबार महालातील दोन प्रचंड काचेची झुंबरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. प्रत्येकाचे वजन सुमारे साडेतीन टन सांगतात. ती टांगण्यापूर्वी छताला भार सोसेल की नाही हे पाहण्यासाठी वर हत्ती चढवून चालवले होते, ही कथाही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आग्र्याहून रेल्वे ग्वाल्हेरला आली ती १८८१ मध्ये. झुंबरे राजवाड्याबरोबरच आली असतील, तर अखेरच्या टप्प्यात ती काच बैलगाड्यांवरूनच आली असली पाहिजे. त्या काळच्या कच्च्या रस्त्यावरून ती कशी आणली असेल याचा विचार केला म्हणजे मन थक्क होते. हत्तींच्या कथेत अतिशयोक्ती असेलही. तरीही तिच्यातला शहाणपणा खरा आहे. जोखमीची वस्तू टांगण्याआधी परीक्षा घ्यावी, नंतर पश्चात्ताप करू नये.

आपल्या खोक्याची परीक्षा घ्यायला हत्ती लागत नाही. १९६६ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या भारतीय पॅकेजिंग संस्थेत यासाठी यंत्रे आहेत. तेथे खोके पाडून, हलवून आणि दाबून पाहतात. घरच्या घरी त्यातील एक परीक्षा सहज करता येते. भरलेले खोके कमरेएवढ्या उंचीवरून दहा वेळा पाडावे; एकदा कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तिन्ही कडांवर एकेकदा आणि मग सहाही बाजूंवर एकेकदा. मग उघडून पाहावे. काकूंनी हा प्रयोग अंगणात केला तेव्हा शेजाऱ्यांना वाटले, बाईंना दुःखाने वेड लागले! परंतु तीन खोक्यांच्या नासाडीतून जे समजले, ते पुढच्या सगळ्या खोक्यांना कामी आले.

आता धक्क्याविषयी. 'हमाल माल फेकतात' ही तक्रार सर्वांच्या तोंडी असते. आपल्याकडे ज्यांना पल्लेदार म्हणतात, त्या माणसांविषयी चार शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते. माल किती वेळा हाताळला जातो हे आपण मोजतच नाही. घरातून हातगाडीवर, हातगाडीवरून मालकचेरीत, तेथून गाडीत, वाटेत वखारीत उतरून दुसऱ्या गाडीत, मग पुण्याच्या वखारीत, तेथून टेम्पोत आणि अखेर दुकानात. फुटकळ मालाची अशी उचलठेव दहा-बारा वेळा सहज होते, आणि प्रत्येक उचलठेव ही पडण्याची एक संधी असते. माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूकदाराने १९५६ साली मालाने भरलेल्या पेट्याच जहाजावर चढवल्या आणि तेथून कंटेनरांचे युग सुरू झाले. त्याचे रहस्य एवढेच, की मधली हाताळणी वाचली. लहान व्यावसायिकाला कंटेनर परवडत नाही. परंतु दोघाचौघांनी मिळून एका गावाचा माल एकाच थेट गाडीने पाठवणे हाही त्याच वाटेवरचा उपाय आहे.

आणि ज्या पाठीवर ओझे असते, तिचा विचार कोणी करावा? पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभारली आणि महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, तेव्हा कोठे या श्रमांकडे समाजाचे लक्ष गेले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली होती, की एका पुरुष कामगाराने वाहावयाचे ओझे ५५ किलोंहून अधिक असल्यास ते लवकरात लवकर त्या मर्यादेपर्यंत आणावे. दिवसभर ओझी वाहून थकलेल्या माणसाच्या हातून खोके निसटले तर तो केवळ त्याचाच दोष नव्हे. एकट्याला नीट उचलता येईल एवढेच वजन, धरायला दोन्ही बाजूंस खाचा आणि न वाचता समजेल अशी खूण एवढे तरी आपण द्यावे. पेला, छत्री, वर जाणारे दोन बाण, आकडा लावू नये असे दाखवणारे चित्र या खुणा साऱ्या जगात एकच आहेत. त्यांना भाषा लागत नाही. काकू आता खोक्यावर पेल्याचे चित्र लावतात आणि माल चढताना स्वतः उभ्या राहून पल्लेदारांना चहा पाजतात. चहाचा खर्च त्या वहीत 'बांधणी' या सदराखाली लिहितात. मला तो अगदी योग्य वाटतो.

आता कायद्याचा भाग. बैलगाड्यांच्या काळी भाड्याने माल पोचवणारा हुंडेकरी वाटेची जकात आणि उस्तवार आपल्या अंगावर घेई. इंग्रजी अमलात १८६५ चा कॅरियर्स कायदा आला. त्याची जागा २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याने घेतली आणि तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. यातील चार गोष्टी प्रत्येकाने पाठ कराव्यात. एक, माल हरवला किंवा बिघडला तर वाहतूकदाराची हयगय सिद्ध करण्याचा भार माल पाठवणाऱ्यावर नाही. 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का मारला म्हणून वाहतूकदार आपल्या हयगयीतून सुटत नाही, असे न्यायालयांनीही म्हटले आहे. दोन, जादा जोखमीचा दर भरला नसेल, तर भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट असते आणि तीही पाठवणीच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या किमतीपलीकडे जात नाही. भाडे ६०० रुपये असेल तर माल कितीही मोलाचा असो, भरपाई ६,००० रुपयांवर मिळणार नाही. म्हणून किंमत लिहिताना संकोच करू नये, आणि माल फार मोलाचा असेल तर जादा दर भरावा किंवा विमा उतरवावा. तीन, दावा लावण्यापूर्वी लेखी सूचना द्यावी लागते, आणि ती माल नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. चार, माल घेणाऱ्याने पोचपावतीवर सही करण्यापूर्वी खोकी पाहावीत आणि चेपलेली असतील तर तसे त्याच पावतीवर लिहावे. कोरी सही म्हणजे माल शाबूत मिळाल्याची कबुलीच समजली जाते. काकूंच्या दुकानदाराने कोरी सही केली होती आणि चिठ्ठीवर किंमत लिहिलेलीच नव्हती. मग बोलायला जागा कोठे उरली?

शेवटची गोष्ट परतीच्या मालाची. माल मोडला की तो परत पाठवायचा, ही आपली जुनी सवय. परंतु मोडलेला माल परत आणणे म्हणजे बुडालेल्या पैशांपाठी आणखी पैसे धाडणे. काकूंनी पुढच्या वर्षी दुकानदाराशी आधीच ठरवले. मोडलेल्या पुड्यांचे छायाचित्र पाठवावे, माल तेथेच ठेवावा आणि गजकेचा भुगा तिळकूट म्हणून निम्म्या भावात विकावा. हा ठराव आदल्या वर्षी असता तर काय झाले असते, ते आम्ही वहीत मांडून पाहिले. ४८ पुड्यांचे प्रत्येकी ७५ प्रमाणे ३,६०० रुपये सुटले असते आणि परतीचे ६०० वाचले असते. तीन हजारांच्या तोट्याऐवजी १,२०० रुपयांचा नफा! बांधणीत तसूभरही फरक न करता, केवळ दोन माणसांनी आधी बोलून घेतले असते तर.

त्या वर्षी पुन्हा २४० पुडेच गेले. खोकी जरा जाड, काठोकाठ भरलेली, वर पेंढ्याची गादी, आत ओल न शिरणारे वेष्टन आणि चिठ्ठीवर पूर्ण किंमत. ग्वाल्हेरच्या धुक्यातून निघालेला गार माल दख्खनच्या उन्हात एकदम उघडला तर त्यावर दव धरते. म्हणून दुकानदाराने खोकी दिवसभर बंदच ठेवून मग उघडावीत, एवढी सूचनाही बरोबर दिली. बांधणीचा जादा खर्च १,२०० रुपये आला. मोडले फक्त पाच पुडे. सारे वजा जाता काकूंच्या हाती ३,९२५ रुपये पडले, आणि त्या पाच पुड्यांच्या तिळकुटाचे जे आले ते वेगळे. ही काही मोठी रक्कम नव्हे. परंतु तिच्यावर त्यांनी पुढल्या वर्षाचे तीळ आगाऊ घेतले.

पूर्वी आपल्याकडे मौल्यवान ऐवजालाच 'जोखीम' म्हणत. 'जोखीम जवळ आहे' म्हणजे सोने किंवा रोकड जवळ आहे. पुढे त्याच शब्दाला धोक्याचा अर्थ चिकटला. दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती आली की तिच्या मोलाबरोबर तिची काळजीही आपल्याकडे येते, असे हा शब्द सांगतो. बांधणारा, वाहणारा, उतरवणारा आणि घेणारा या चौघांनी आपापल्या वाट्याची जोखीम उचलली तर ग्वाल्हेरची गजक पुण्यास अखंड पोचते. चौघांपैकी प्रत्येकाने ती दुसऱ्यावर ढकलली, की ती अखेर येऊन पडते ज्याला ढकलायला कोणी उरलेले नसते त्याच्या अंगावर. कधी गाडीच्या चालकाच्या पगारातून कापून, तर कधी एकट्या बाईच्या वहीतून.

यंदाची खोकी परवा निघाली. मीही हात लावायला गेलो होतो. काकूंनी प्रत्येक खोके कानाशी धरून हलवले आणि एक बाजूला काढून पुन्हा उघडले.